शैलाकाकूंचा बिंदू

फोन ईशाचा आहे हे पाहूनच काहीतरी झालंय हे मला कळलं. ईशा म्हणजे शैलाकाकूंची नात, सोळा वर्षांची, आणि गेल्या दीड वर्षात ती माझ्याशी धड एक वाक्यही बोललेली नव्हती. फेब्रुवारीतली दुपार होती. ओहायोतल्या ज्या छोट्या कॉलेजात मी शिकवतो तिथल्या माझ्या खोलीत मी पेपर तपासत बसलो होतो, खिडकीबाहेर गाड्यांच्या धुराने मळलेला बर्फ. "आजी पास्ड अवे धिस मॉर्निंग," ती म्हणाली, "डॅड आस्क्ड मी टू कॉल यू." कधी, कसं, असं काहीतरी मी विचारायला गेलो, पण "ओके, बाय" म्हणून तिने फोन ठेवला. तिचा आवाज रडका नव्हता. अंगावर आलेलं काम उरकून टाकावं तसा होता. तिला तसं वाटावं ह्याला कारण मीच होतो, आणि आज दोन महिने उलटून गेले तरी काकूंविषयी काही लिहायचं म्हटलं की आधी ते कारण समोर येऊन उभं राहतं.

शैला बर्वे हे नाव ह्या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूमिती शिकवली. त्यांच्या हाताखालून गेलेली एखादी मुलगी हे वाचत असेल तर तिला मात्र लगेच आठवेल : वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन, फळ्याकडे न बघता वर्तुळ काढणाऱ्या बर्वेबाई. नोकरी संपली, पाठोपाठ यजमान गेले, आणि एकुलता एक मुलगा माधव त्यांना अमेरिकेला घेऊन आला. माधवदादा तेव्हा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात, धातूंवर संशोधन करत होता. मी २००१ साली पुण्याहून तिथेच पीएच.डी.ला गेलो होतो. गणितात एम.एस्सी. करून तत्त्वज्ञान विभागात. अपार्टमेंटमधले बाकीचे तिघेही इंजिनियर. त्यातला नागपूरचा एक जण पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "यार, फिलॉसॉफी ठीक आहे, पण नंतर करणार काय?"

माझा नेमका विषय ऐकला की लोक हवापाण्याकडे वळत. युरोपातले मध्ययुगातले पंडित, मठांमधले आणि विद्यापीठांमधले, बिंदू, रेषा, वर्तुळ ह्यांच्यावरून पिढ्यान् पिढ्या वाद घालत असत. ह्या गोष्टी खरोखर जगात आहेत, की माणसाच्या मनात? अगदी सरळ रेषा कुठे सापडत नाही, लांबी-रुंदी नसलेला बिंदू तर कोणीच पाहिलेला नाही. मग भूमिती जे सिद्ध करते ते नेमकं कशाबद्दल? काही म्हणत, बिंदू खरेच असतात, वस्तू जिथे संपते तिथे. काही म्हणत, वस्तूतलं लाकूड, लोखंड, रंग, वजन सगळं मनाने बाजूला काढलं की जो आकार उरतो तो भूमितीचा. आणि चौदाव्या शतकातला एक साधू, ज्याच्यावर मी प्रबंध लिहीत होतो, तो म्हणे की बिंदू नावाची वस्तूच नाही. रेषा इथून पुढे जात नाही, एवढंच काय ते खरं.

काकूंची आणि माझी गाठ पडली ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, २००२ सालच्या पानगळीत. दिवसभर घर रिकामं. मुलगा-सून कामाला, दहा वर्षांची ईशा शाळेत. टीव्ही बघवत नव्हता, स्वयंपाकाची आवड मुळातच नव्हती ("माझ्या पिठल्यात गुठळी नसती तर आमच्या ह्यांना चुकल्यासारखं झालं असतं," असं त्या स्वतःच सांगत). म्हणून त्या सकाळी कॅम्पसच्या बसमध्ये बसून ग्रंथालयात यायच्या, साडीवर जाड स्वेटर आणि पायात सुनेने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. जिन्यात मी आईशी फोनवर बोलताना त्यांनी मराठी ऐकलं असावं. मी जागेवर येऊन बसलो तर त्या माझ्या टेबलापाशी उभ्या, आणि उघड्या पुस्तकातल्या आकृतीकडे बघतायत. एका रेषेवर टेकलेलं वर्तुळ. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाल्या, "हा गोल टेकलाय ना, तो किती ठिकाणी टेकलाय?"

"एका बिंदूत," मी म्हणालो.

"बरं. आता ढकल त्याला. गडगडत गेला की पुढच्या बिंदूत टेकेल. पुढचा म्हणजे कुठला? ह्याला लागून असलेला? दोन बिंदू एकमेकांना लागून असतात का?"

मी पेन खाली ठेवलं. ज्या जागी पोहोचायला त्या पंडितांना शंभरेक वर्षं लागली होती, तिथे ह्या बाई उभ्याउभ्या दोन प्रश्नांत येऊन पोहोचल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं की हा प्रश्न त्यांना शाळेतल्या एका मुलीने विचारला होता, आणि वीस वर्षं झाली, त्यांना उत्तर सापडलेलं नाही.

त्यानंतर मंगळवार आणि गुरुवार ठरूनच गेले. तिसऱ्या मजल्यावरचं खिडकीजवळचं टेबल. मी लॅटिन वाक्य वाचायचो, शब्द न् शब्द फोडून मराठीत सांगायचो, आणि त्या ऐकायच्या. "अर्थ नको सांगूस आधी, विभक्ती सांग," म्हणायच्या. लहानपणी वडिलांनी संस्कृत घोकून घेतलेलं, त्यामुळे प्रथमा-द्वितीया त्यांच्या जिभेवर होती. वर्षभरात शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी नुसत्या शेवटावरून त्या त्याची विभक्ती ओळखू लागल्या. मला त्यांची मजा वाटायची, थोडा अभिमानही वाटायचा… पण खरं सांगायचं तर ती एका हुशार म्हाताऱ्या बाईंची हौस आहे, असंच मी मनाशी धरून चाललो होतो. काम माझं, हौस त्यांची.

२००४ च्या सुरुवातीला माझा प्रबंध अडकला. पाच महिने एक ओळ पुढे सरकेना. माझे गाईड एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते : तुझ्या ह्या साधूच्या मते बिंदू नाहीतच, तर मग तो स्वतः भूमिती करतो तेव्हा काय खोटं बोलतो? काकूंनी माझ्याकडून त्या ग्रंथाच्या चाळीसेक पानांची झेरॉक्स मागून नेली. तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, त्यांनी ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. पानापानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. जिथे जिथे बिंदू हा शब्द आला होता तिथे तिथे त्यांनी त्याची विभक्ती लिहून ठेवली होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "जिथे हा दुसऱ्यांचं मत सांगतो ना, तिथे बिंदू प्रथमेत आहे. बिंदू असतो, बिंदू स्पर्श करतो, बिंदू विभागतो. पण जिथे हा स्वतःचं बोलतो, तिथे बिंदू एकदाही कर्ता होत नाही. एकदाही नाही, मी दोनदा तपासलं. तिथे तो नेहमी 'इथपर्यंत', 'तिथपासून' असाच येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बिंदू ही वस्तू नव्हे रे. कुठपर्यंत, ह्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. तुझा साधू खोटं बोलत नाही, तो फार जपून बोलतोय. आम्ही नाही का फळ्यावर वेडीवाकडी रेघ ओढून म्हणत, समजा ही रेषा आहे? त्यात खोटं काय असतं?"

मी ती पानं घरी नेली आणि चार दिवस त्यांची वाक्य न् वाक्य पडताळणी केली. दोन ठिकाणी त्यांची विभक्ती चुकली होती, पण त्याने काही बिघडत नव्हतं. मग अकरा दिवसांत प्रकरण लिहून झालं. गाईडनी ते वाचून मला बोलावलं. टेबलावर प्रकरण उघडं होतं आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका खुललेला. "धिस इज ब्यूटिफुल," ते म्हणाले. "हाऊ डिड यू सी इट?"

मी म्हणालो, "इट जस्ट केम टू मी."

हे वाक्य मी का बोललो, ह्याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. शिक्षिकेचा संदर्भ कसा देणार, त्यांच्याकडे ना डॉक्टरेट ना छापलेला लेख. गाईडना वाटेल, ह्याला स्वतःचं काही सुचत नाही. आणि प्रकरणातलं लॅटिन तर माझंच होतं, मांडणीही माझीच. ही सगळी कारणं नंतरची. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते पांढरे स्पोर्ट्स शूज आले होते, साडीखालचे, आणि मला त्यांची लाज वाटली होती. इतकंच. ती लाज आली आणि गेली, एखादं सेकंद टिकली असेल, पण वाक्य बोलून झालं होतं.

त्याच उन्हाळ्यात माधवदादाला मिशिगनमध्ये ट्रॉयला एका गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि बर्वे मंडळी तिकडे गेली. सामान भरताना काकू मला म्हणाल्या, "छापून आलं की पाठव हं. मला समजलं नाही तरी चालेल, नुसतं बघेन." पुढच्या वर्षी ते प्रकरण लेख म्हणून एका नियतकालिकात आलं. त्याच लेखावर मला ही नोकरी मिळाली. प्रबंधाच्या आभारात मी तिघाही रूममेट्सचे आभार मानले आहेत. ग्रंथालयात झेरॉक्सच्या मशीनपाशी बसणाऱ्या बाईंचेही मानले आहेत. शैला बर्वे हे नाव कुठेही नाही. काकू फोनवर लेखाचं विचारायच्या तेव्हा मी सांगायचो, अजून प्रती आल्या नाहीत. मग, पाठवतो. मग, अरे हो, विसरलोच.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांना भेटायला ट्रॉयला गेलो. माझ्या कॉलेजपासून दोन तासांचा ड्राइव्ह. ईशा चौदा वर्षांची झाली होती, उंच, दातांना ब्रेसेस. जेवायला बसलो, सुनेने वाढलं, आणि ईशाने ताटाकडे न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं. "आय रेड युअर आर्टिकल," ती म्हणाली. शाळेच्या ग्रंथालयातून तिने तो शोधून प्रिंट केला होता आणि आजीला मराठीत सांगत सांगत चार दिवसांत सगळा वाचून दाखवला होता. "इट्स आजीज. दॅट कर्ता थिंग. शी टोल्ड मी अबाउट इट व्हेन आय वॉज लाइक ट्वेल्व्ह. सो व्हाय इजन्ट शी इन इट?"

माधवदादा म्हणाला, "ईशा, इनफ." सून उठून आत गेली. काकूंनी वाढणीचा डाव उचलला आणि म्हणाल्या, "भात घे, अभिजित." मी घेतला. तो भात मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

निघताना त्या ड्राइव्हवेपर्यंत आल्या. मी गाडीचं दार उघडून उभा होतो. मी म्हणालो, "काकू, मी…" त्यांनी हात वर केला, वर्ग गप्प करावा तसा. "तू विचारलं असतंस ना," त्या म्हणाल्या, "तर मी नावबीव नको म्हणाले असते. खरंच म्हणाले असते. मला काय करायचंय ह्या वयात? पण विचारायला हवं होतंस." मग म्हणाल्या, "पोहोचलास की फोन कर." मी पोहोचल्यावर फोन केला. त्यांनी उचलला, "बरं झालं" म्हणाल्या.

त्यांनी मला तोडलं नाही. तोडलं असतं तर कदाचित मला ते सोपं गेलं असतं. दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा. माझी तब्येत, आईची तब्येत, लग्नाचं काय, तिकडे बर्फ किती. पण भूमितीबद्दल त्या माझ्याशी पुन्हा कधीही बोलल्या नाहीत. मी विषय काढून पाहिला. एकदा मुद्दाम सांगितलं की एका जुन्या हस्तलिखितात रेषेबद्दल काहीतरी गमतीदार सापडलंय. "हो का," त्या म्हणाल्या, "छान," आणि मग माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, तो युक्तिवाद कुणाचा आहे हे स्पष्ट सांगणारं. लिहिलं म्हणजे कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं. आधी नोकरीचं कंत्राट वाढायचं होतं, मग विभागप्रमुख बदलणार होते. दर काही महिन्यांनी मी ते उघडायचो, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचो आणि बंद करायचो.

गेल्या नोव्हेंबरात काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. डिसेंबरात मी भेटायला गेलो तेव्हा त्या एका पुनर्वसन केंद्रात होत्या, खुर्चीत बसवलेल्या, आणि एक तरुण थेरपिस्ट त्यांच्याकडून काहीबाही करून घेत होती. तिने समोर कागद ठेवला, डाव्या हातात मार्कर दिला आणि म्हणाली, घड्याळ काढा, आधी एक मोठं वर्तुळ. काकूंनी काढलं. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, मधे एक पोक आलं, कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाचं बरं निघालं असतं. त्यांनी मान जराशी कलती करून त्याच्याकडे पाहिलं आणि जड झालेल्या जिभेने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "लेट… धिस… बी… अ सर्कल."

थेरपिस्टला वाटलं त्या विनोद करतायत, ती हसली. काकूंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत तो ग्रंथालयातला भाव होता, बघ, समजतंय ना तुला, असा. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. तेव्हा बोलायचं होतं. खोलीत दुसरं मराठी कळणारं कुणीही नव्हतं, माफी मागायला ह्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि मी म्हणालो, "काकू, बाहेर बर्फ सुरू झालाय, मला निघायला हवं." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते पत्र पाठवून दिलं. संपादकांचं उत्तर आलं, सभ्य, सहानुभूतीचं; पुढच्या अंकात चार ओळींची नोंद छापू म्हणाले. गाईडना प्रत पाठवली होती. त्यांनी एवढंच लिहिलं की तेव्हा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, मला त्यांना भेटायला आवडलं असतं. ती नोंद वाचणारे लोक जगात तीनशे असतील, आणि त्यातल्या कुणालाही काकूंची भाषा येत नाही. म्हणून हे मराठीत लिहितोय. ह्याने काही भरून निघतं असं मला वाटत नाही.

मार्चच्या शेवटी ईशाचा पुन्हा फोन आला. आजीच्या वह्या सापडल्या होत्या, चार शंभर-पानी वह्या, आकृत्यांनी आणि मराठीने भरलेल्या. ईशाला मराठी बोललेलं सगळं कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. "डॅड कॅन रीड इट," ती म्हणाली, "बट ही स्टार्ट्स अँड देन ही कान्ट." मग म्हणाली, "सो इट हॅज टू बी यू." तिच्या अटी होत्या. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. झेरॉक्स नाही. मी मोठ्याने वाचायचं, काही गाळायचं नाही, आणि मी सांगेन तसं ती इंग्रजीत उतरवून घेणार. कागदाच्या वरती तिने आधीच टाइप करून ठेवलं होतं, शैला बर्वे.

आता मी दर शनिवारी ट्रॉयला जातो. काकूंची खोली गॅरेजच्या शेजारी आहे, एक अरुंद पलंग, एक टेबल, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पेन्सिलींचे बोटभर उरलेले तुकडे, सगळे सुरीने तासलेले. ईशा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसते आणि मी पलंगाच्या कडेवर बसून वाचतो. पहिल्या दोन वह्या स्टेट कॉलेजच्या दिवसांतल्या आहेत. तिसरी ट्रॉयची. गेल्या शनिवारी आम्ही तिच्यातल्या एका पानाशी आलो, त्यावर २००७ चा उन्हाळा आहे. काकू तिथे स्वतःच्याच म्हणण्यावर शंका घेतायत. बिंदू हे उत्तर असेल, असं त्या लिहितात, तर प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. कोणीच विचारणारं नसेल तेव्हा गोल जमिनीवर कुठे टेकलेला असतो? कुठेच नाही असं म्हणवत नाही. मग आपलं कुठेतरी चुकलंय. पानभर त्यांनी तीन वाटा काढून बघितल्या आहेत आणि तिन्ही खोडल्या आहेत. मी वाचत गेलो, सांगत गेलो, ईशा टाइप करत गेली. माझ्या छापील लेखाचा पायाच ह्या शंकेने हलतो, आणि ती त्यांना माझ्या कितीतरी आधी दिसली होती.

पानाच्या तळाशी एक ओळ होती. मी थांबलो.

"व्हॉट?" ईशाने विचारलं.

मी वाचलं, "हे अभिजितला विचारावं."

तिने टाइप केलं. तिचे डोळे पडद्यावरच होते. "इज दॅट इट?"

त्या ओळीखाली, दुसऱ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी, आणखी एक शब्द होता. गाळायचं नाही हे ठरलेलं होतं. "नाही," मी म्हणालो, "खाली लिहिलंय… नको."

नको ह्या शब्दाचं भाषांतर मला तिला सांगावं लागलं नाही. तिने तो शब्द तसाच, इंग्रजी अक्षरांत लिहिला, आणि हात लांब करून वहीचं पान स्वतः उलटलं.

"नेक्स्ट," ती म्हणाली. मी पुढचं पान वाचायला लागलो.